तिरका दात

कवळीबाईसमोर निराहारी महाराजांचं नाव काढायची सोय नव्हती. कोणी चुकून काढलंच, तर हातातलं काम खाली ठेवून ती विचारायची, "कोण, तो हवा खाणारा का?" आणि पुढची दहा मिनिटं गिऱ्हाइकाला निमूट ऐकून घ्यावं लागायचं. करतो काय बिचारा? तोंडात दातांच्या मापाचा लगदा भरलेला असायचा.

दातांच्या दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत ती राहायची आणि तिथंच तिचं काम चालायचं. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर मेण वितळवायची शेगडी, कोपऱ्यात प्लास्टरचं पिंप, पॉलिशचं चाक आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर शेकडो माणसांचे जबडे, पांढऱ्या प्लास्टरचे, पेन्सिलीनं नंबर टाकलेले. चौतीस वर्षं ती इथं बसून लोकांचे दात करत होती. नवऱ्याला हा पसारा कधी आवडला नाही. तो गेल्यावर तिनं जेवणाचं टेबलही बाहेरच्या खोलीत आणलं आणि त्याच्यावरही जबडे मांडले.

हे काम अप्पांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं. त्यांनी दोन्ही मुलींना शिकवलं आणि शिकवताना दोन नियम घालून दिले. पहिला असा, की समोरचा एक दात जरासा तिरका बसवायचा. "देवानं कुणाचे दात पट्टी लावून बसवलेत का?" ते म्हणायचे. "सगळे सरळ दिसले की समोरच्याला लगेच संशय येतो. एक वाकडा दिसला की तो गप्प बसतो." दुसरा नियम असा, की कोणाच्या तोंडात काय आहे ते आपण बाहेर बोलायचं नाही. मग तो न्यायाधीश असो नाहीतर नवरा मुलगा.

खरं सांगायचं तर दोघींत थोरलीचा हात जास्त चांगला होता. धाकटी दात बसवायची, थोरली दात उगवल्यासारखे दाखवायची. तिचा तिरका दात कायम डाव्या बाजूचा, समोरून दुसरा, आणि त्याचा एक कोपरा तिनं कानशीनं इतका हलका झिजवलेला असायचा की वाटावं, या माणसानं लहानपणी खिळा चावला असणार. अप्पा तो दात भिंगातून बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. धाकटीच्या कामावर मात्र भरपूर बोलायचे.

अशी ही ताई एकोणीस वर्षांपूर्वी एका सकाळी उठून मठात गेली. टेबलावर एक जबडा अर्धा सोडून गेली. मेणात सहा दात बसवलेले, बाकीची जागा रिकामी. पुढच्याच वर्षी अप्पा गेले. निरोप धाडला, तर उत्तर आलं की ताई साधनेत आहेत, येऊ शकत नाहीत. तेव्हापासून कवळीबाईच्या मनात महाराजांविषयी जे बसलं ते बसलं. बहिणीविषयी काय बसलं, ते तिनं कधी उघडून बघितलं नाही.

आता महाराजांविषयी लोक काय सांगायचे तेही ऐका. जन्मले तेव्हा रडले नाहीत, म्हणे, सुईणीकडे बघून हसले. सातव्या वर्षी विहिरीत पडले आणि तीन दिवसांनी वर आले ते कोरड्या कपड्यांत. एका ट्रकवाल्यानं त्यांना गाडीत घेतलं नाही, तर ट्रक जागचा हलेना. एकाच वेळी दोन गावांत लोकांनी त्यांचं दर्शन घेतलं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे सत्तावीस वर्षं अन्नाचा कण पोटात नाही. सूर्याकडे बघतात आणि वारा पितात. पुरावा हवा? ते बघा दात! वय अठ्ठ्याहत्तर, बत्तीसच्या बत्तीस शाबूत. योगाचं तेज, दुसरं काय!

"सत्तावीस वर्षं न खाता माणसाला पोट कसं सुटतं?" कवळीबाई विचारायची. यावर भक्तांचं उत्तर ठरलेलं होतं: तो वायू आहे.

मठात जायच्या आधी हा गृहस्थ एका गोदामात वजनकाट्यावर कारकून होता, हे फारसं कोणी सांगत नसे.

तर एका दुपारी दवाखान्यातली नर्स चहा घेऊन आली आणि सहज बोलून गेली, "तुमच्या ताईंचं केवढं नाव झालंय हो! महाराजांच्या मागोमाग निराहार व्रताला बसल्यात. सोळावा दिवस. फक्त पाणी."

कवळीबाईच्या हातातलं मेण कधी गार झालं, तिला कळलं नाही. चहा तसाच ठेवून ती उठली, चपला घातल्या आणि तडक मठ गाठला. फाटकावरच सेक्रेटरी आडवा आला. इस्त्रीचे पांढरे कपडे, गळ्यात चष्म्याची दोरी, आवाज साखरेत घोळलेला.

"ताईंना भेटता येणार नाही. त्या वरच्या पायरीवर पोचल्यात."

"चौसष्ट वर्षांची बाई आहे ती. तिला खाली उतरवा."

"आपण रागात आहात."

"आहेच! महाराजांना भेटवा मग. त्यांनाच विचारते."

"महाराज कालपासून मौनात आहेत. मुखावर वस्त्र आहे."

"सोयीचं आहे," ती म्हणाली. सेक्रेटरीनं हात जोडले आणि फाटक लावून घेतलं. ती परत आली ती दातओठ खात. मठाच्या भिंतीला तिनं वाटेत ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

दोन दिवसांनी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका डॉक्टरकडून डबी आली. सोबत चिठ्ठी: वृद्ध गृहस्थ, वरची कवळी मधोमध तडकली आहे, तातडीचे. नाव नाही. नाव असावं असा नियमही नव्हता. तडकलेल्या कवळ्या जोडणारं हल्ली तिच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. बाकीचे सगळे सरळ नवीन करून घ्या म्हणायचे.

तिनं डबी उघडली, दोन तुकडे तळहातावर घेतले आणि खिडकीपाशी नेले.

डाव्या बाजूचा, समोरून दुसरा दात, आत कललेला. कोपरा हलका झिजवलेला. वाटावं, या माणसानं लहानपणी खिळा चावला असणार.

हा हात जगात एकाच बाईचा होता. आणि ती बाई एकोणीस वर्षं एकाच मठात राहत होती.

कवळीबाईनं अप्पांचं भिंग काढलं. दाढा बघितल्या. नव्या कवळीच्या दाढांना उंचवटे असतात, ते चावून चावून झिजतात. या दाढा पाटासारख्या सपाट झाल्या होत्या. दहा-बारा वर्षं दोन वेळा पोटभर जेवल्याशिवाय असे दात झिजत नाहीत. तडकलेल्या फटीत तिनं सुई घातली तर शेंगदाण्याचं लालसर साल निघालं.

"वारा पितो काय रे," ती मोठ्यानं म्हणाली. "वाऱ्याला सालं असतात होय?"

मग एकेक गोष्ट जुळत गेली. दर वर्षी-दीड वर्षानं महाराज आठवडाभर मौन धरायचे आणि मुखावर वस्त्र घ्यायचे. कवळी दुरुस्तीला असायची! आजवर ती मठातल्या मठातच ताई दुरुस्त करत असणार. आता उपासानं ताईचे हात चालेनासे झाले, म्हणून कवळी पहिल्यांदा मठाबाहेर पडली, आणि फिरून फिरून याच टेबलावर आली.

तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. ताईचे हात चालेनासे झाले, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

हे तुकडे घेऊन चव्हाट्यावर जावं, असं मनात आलं. पण अप्पांचा नियम! आयुष्यभरात तिनं तो एकदाही मोडला नव्हता, आणि या हवा खाणाऱ्यासाठी मोडायची तिची तयारी नव्हती. तिनं तुकडे जोडले, प्लास्टर ओतलं, फट घासून भरली, पॉलिश केलं. काम चोख केलं. वाईट काम करायचा तिला रागातही सराव नव्हता. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ताईच्या एकोणिसाव्या दिवशी, तिनं डबी पिशवीत टाकली, शेजारी दूध घालून कालवलेल्या मऊ भाताचा डबा ठेवला आणि पुन्हा फाटकावर उभी राहिली.

"मी सांगितलं होतं आपल्याला," सेक्रेटरीनं सुरुवात केली.

"महाराजांचं मौन ज्याच्यामुळे आहे ते माझ्या पिशवीत आहे," ती म्हणाली. "आत सोडता, की इथंच काढू?"

सेक्रेटरीचा चेहरा खर्रकन उतरला. बाजूला होताना त्याच्या तोंडून साखरेचा एक कणही पडला नाही.

ताईची खोली मागच्या अंगाला होती. एक खाट, एक खिडकी, पाण्याचं भांडं. खाटेवर जे होतं ते बघून कवळीबाईला आधी रागच आला. रडू नंतर आलं, तेही तिनं गिळलं. मनगटं मेणबत्तीएवढी झाली होती.

"कोण?" ताईनं विचारलं. "धाकटे? तू कशाला आलीस?"

"अप्पा गेल्याचं सांगायला. अठरा वर्षं झाली."

"बोल, बोल. तुझं बोलणं कधी संपलंय?"

कवळीबाईनं डबी उघडून तिच्या नाकासमोर धरली. "हे ओळखतेस?"

"मी केलेलं मीच ओळखणार नाही?" ताईनं डोळे बारीक केले. "जोड चांगला घातलायस. आधी इतका जमायचा नाही तुला."

"अगं, तो चावतो! दाढा बघ! सपाट झाल्यात! ज्याच्यामागे तू उपाशी मरतेयस तो दाणे खातो!"

"मला काय सांगतेस?" ताई थकल्या आवाजात म्हणाली. "इतकी वर्षं त्याचं ताट मीच नेत आलेय. दोन वेळा. शालीखाली झाकून."

कवळीबाई एवढी तयारी करून आली होती, आणि बहिणीनं एका वाक्यात तिच्या शिडातलं वारं काढून घेतलं.

"सगळं ठाऊक असून तू इथं राहिलीस?"

"राहिले. पहिल्यांदा आले तेव्हा माझे हात कसे थरथरायचे आठवतंय? माझं पोर गेल्यावर? तुम्ही सगळे मला समजावत होतात. तो काही बोलला नाही. तीन तास नुसता समोर बसून राहिला, आणि हात थांबले. ते खोटं नव्हतं धाकटे. मग एक दिवस म्हणाला, दात पडायला लागलेत, लोकांना कळलं तर त्यांचा आधार जाईल. मी करून दिले. मग म्हणाला, भूक लागते. मी नेऊन दिलं. एवढ्याशानं काय बिघडतं, असं मला वाटलं."

"आणि मग हे व्रत कसलं? कुणासाठी?"

ताईनं भिंतीकडे बोट केलं.

"पलीकडच्या खोलीत एक मास्तरीण होती. मागच्या वर्षी व्रताला बसली. मला विचारायची, जमेल ना ताई? मी म्हणायचे, महाराजांना बघा, सत्तावीस वर्षं जमतंय. अठ्ठाविसाव्या दिवशी मी तिच्या दारावरून जात होते. तिनं हाक मारली. म्हणाली, ताई, भाताचा वास येतोय का हो? शालीखाली ताट होतं माझ्या. गरम. मी म्हटलं, भास आहे बाई तो, असं होतं व्रतात." ताईनं भांड्यातलं घोटभर पाणी घेतलं. "तेहतिसाव्या दिवशी गेली. त्या दिवसापासून घास उतरेनासा होत गेला, आणि एकोणीस दिवसांपूर्वी पार बंद झाला. लोक त्याला व्रत म्हणाले. मी म्हटलं, म्हणू देत."

कवळीबाई उठली. खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मायेनं जवळ घेणारी ती बाई नव्हतीच.

"म्हणजे तू मेलीस की फिटलं? अक्कल कुठं गहाण टाकलीस गं? तू मेलीस तर उद्या हाच सेक्रेटरी तुझा फोटो लावेल. ताई वाऱ्यात विलीन झाल्या म्हणेल. तुझ्या नावानं आणखी दहाजणी उपाशी बसतील, आणि त्यांना भाताचा वास आला की कोणीतरी सांगेल, भास आहे. आत्ता बसल्यात का कोणी?"

"दोघी," ताई हळूच म्हणाली. "सभागृहात. चौथा दिवस."

"झालं तर मग!"

बाहेर दर्शनाची घंटा वाजली. मग ताईनं विचारलं, "डब्यात काय आहे?"

"दूधभात. मीठ कमी आहे, आत्ताच सांगते. नंतर नावं ठेवू नकोस."

"इथं नाही खाणार. चार भिंतींच्या आत खायची सवय त्याची. मला उठव."

उठवलं म्हणजे जवळजवळ उचललंच. सभागृहात दोनशे माणसं बसली होती. पुढे ओट्यावर महाराज, तोंडावर भगवं वस्त्र, डोळे मिटलेले. पहिल्या ओळीत पांढऱ्या साड्यांतल्या दोन बायका, एक तिशीची, एक पन्नाशीची, ओठ सुकलेल्या. ताई आली तसे लोक उभे राहायला लागले. कोणी पाया पडायला वाकलं. सेक्रेटरी पुढे झाला, पण कवळीबाईनं पिशवीवर नुसता हात ठेवला आणि तो होता तिथंच थांबला.

ताई ओट्यासमोर जमिनीवर बसली. डबा उघडला. चमचा हातात धरायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला. मग तिनं दोनशे माणसांसमोर भाताचा घास तोंडात घातला, आणि डोळ्यांतून पाणी गळत असताना तो सावकाश गिळला. मग दुसरा.

मागच्या ओळीतले लोक टाचा उंचावून बघायला लागले.

"महाराज," ताई म्हणाली, "तुमची जेवायची वेळ झाली. या." आणि बहिणीच्या पिशवीतली डबी काढून, झाकण उघडून तिनं ती ओट्यावर ठेवली, भाताच्या शेजारी.

महाराजांनी डोळे उघडले.

आता एक गोष्ट कवळीबाईला ठाऊक होती, जी त्या सभागृहात दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हती. चार दिवस कवळीवाचून काढलेला म्हातारा समोर आपले दात बघतो, तेव्हा त्याचा हात त्याच्या ताब्यात नसतो. चौतीस वर्षांत तिनं असे हजारो हात बघितले होते. न्यायाधीशाचासुद्धा असाच पुढे येतो. भूक एक वेळ माणूस आवरतो, दातांची ओढ आवरत नाही.

महाराजांचा हात आला. अंगठ्यानं कवळी सवयीनं सुलट केली, दुसऱ्या हातानं वस्त्र बाजूला केलं, आणि खट्कन आवाज झाला. बसली. त्यांनी जीभ फिरवून जोड तपासला. काम चांगलं झालेलं दिसलं असावं, कारण त्यांनी किंचित मान डोलावली.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

कोणीतरी मागून जयजयकार सुरू केला. तो दोन आवाजांत चालला, मग एक आवाज उरला, मग तोही बंद पडला. पन्नाशीची बाई तोंडात पदर कोंबून ओट्याकडे बघत राहिली. तिशीची उठली, ताईसमोर येऊन बसली आणि म्हणाली, "मला थोडा देता?"

ताईला नऊ दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. आधी सलाईन, मग चमच्यानं पेज. डॉक्टर कवळीबाईवर डाफरले, इतक्या दिवसांच्या उपासावर एकदम भात देतात का म्हणून. ती त्यांच्यावर उलट डाफरली.

मठ काही बंद पडला नाही. तशी आशा कोणी करू नये. माणसं निम्मी झाली, आणि उरलेल्यांनी महिनाभरात नवी कथा रचली: महाराजांनी एका शिष्येचं दुःख आपल्या मुखात धारण केलं. पन्नाशीची बाई आणखी तीन दिवस उपाशी बसली आणि मग तिचा मुलगा तिला उचलून घेऊन गेला. सेक्रेटरी एकदा कवळीबाईच्या दारात येऊन म्हणाला, "तुम्ही एका साधूचं गुपित फोडलंत. तुमच्या धंद्याला हे शोभतं?"

"मी एक अक्षर बोलले नाही," कवळीबाई म्हणाली. "माझ्या वडिलांचा नियम आहे तसा. त्याच्या तोंडात काय आहे ते त्यानंच दाखवलं. व्हा बाहेर, पॉलिशची धूळ उडतेय."

ताई आता आतल्या खोलीत राहते. दोघींचं पटत नाही. मीठ, पंखा, खिडकी, भांडायला काहीही पुरतं. एकोणीस वर्षांपूर्वीचा तो अर्धा जबडा धाकटीनं फळीवरून काढून समोर ठेवला, तर थोरली म्हणाली, "मेण वाळून खडखडीत झालंय, फेकून दे." धाकटीनं फेकला नाही, आणि थोरलीनं पुन्हा विचारलं नाही.

दुपारी शेगडीवरचं मेणाचं भांडं उतरवून कवळीबाई भात लावते. ताई टेबलाशी दात चाळत बसलेली असते. भाताला वाफ धरली की तिचा हात थांबतो. रोज थांबतो. मग ती मान वर न करता विचारते, "वास येतोय का गं?"

"येतोय," कवळीबाई म्हणते. "भाताचाच आहे. चल, ताट घे."